गोष्ट सांगून झाल्यावर काय? व्यावसायिक सादरीकरणात गोष्ट वापरू पाहणाऱ्यांसाठी

सोलापूरचा टॉवेल-उत्पादक मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या एखाद्या हॉटेलच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर बसतो, तेव्हा त्याच्या लॅपटॉपवरची पहिली स्लाइड बहुधा कारखान्याच्या फाटकाची असते, दुसरी आजोबांच्या तसबिरीची, तिसरी मागांची आणि चौथी प्रमाणपत्रांची. समोरच्या माणसाने अशी सादरीकरणे पुष्कळ पाहिलेली असतात. लॉन्ड्रीतून फाटून येणाऱ्या टॉवेलांचे काय करायचे, हा त्याच्या डोक्यातला प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाला हातही न लावता वीस मिनिटे निघून जातात.

यावर उपाय म्हणून ‘गोष्ट सांगा’ हा सल्ला आता प्रत्येक उद्योजकता शिबिरात दिला जातो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. गोष्ट सांगणे आपल्यापैकी बहुतेकांना येते. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आपण ती रोज सांगतो. अडते ते पुढे. ऐकणाऱ्याला गोष्ट आवडते, तो हसतो, मान डोलावतो, आणि ‘छान, कळवतो’ म्हणून उठतो, कारण त्या गोष्टीचा त्याच्या निर्णयाशी काय संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून या लेखात गोष्ट रंगवण्यापेक्षा ती निर्णयाला बांधण्यावर अधिक भर आहे. यंत्रमागाच्या किंवा गणवेशाच्या घरच्या धंद्यात नुकतेच उतरलेले तरुण, शेंगा चटणी किंवा कडक भाकरी विकणारे बचत गट, आणि पहिल्यांदाच बँकेच्या दारात उभे राहणारे उद्योजक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: आधी मागणी लिहा

स्लाइड उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहा: ही बैठक संपताना समोरच्याने नेमके काय करावे? ‘आमच्या कंपनीची ओळख व्हावी’ ही मागणी नव्हे. ‘एका मजल्यावरच्या खोल्यांचे टॉवेल तीन महिन्यांसाठी आमच्याकडून घ्यावेत’ ही मागणी आहे. ‘खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून द्यावी’ ही मागणी आहे. ‘पुढच्या वर्षीच्या गणवेशाचा नमुना मार्चची वाट न पाहता डिसेंबरातच मंजूर करावा’ ही तर फार चांगली मागणी आहे, कारण ती लहान आहे, तिला तारीख आहे आणि शाळेला तिच्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. हे वाक्य लिहिता आले नाही, तर सादरीकरण पुढे ढकलावे. गोष्ट निवडण्याची कसोटी या वाक्यातूनच मिळते. तिच्याशिवाय सगळ्याच गोष्टी सारख्याच चांगल्या वाटतात.

दुसरी पायरी: गोष्ट शोधायची कुठे

गोष्ट इंटरनेटवर शोधू नका. ती तक्रारींच्या फायलीत असते, व्हॉट्सॲपवर आलेल्या डाग पडलेल्या कापडाच्या फोटोत असते, परत आलेल्या गाठीवरच्या चिठ्ठीत असते. ती माल पाठवणाऱ्या कारकुनाला, कटिंग मास्तरला आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात रोज जाणाऱ्या पोऱ्याला ठाऊक असते. मालकाला पुष्कळदा नसते. तासभर त्यांच्याजवळ बसा आणि ‘कोणत्या गिऱ्हाइकाने सगळ्यात जास्त डोके खाल्ले?’ असे विचारा. ‘आपला माल का चांगला आहे?’ या प्रश्नाला ठरलेली उत्तरे येतात, पण पहिल्या प्रश्नाला माणसे, तारखा आणि अडचणी येतात, आणि गोष्टीला लागणारा ऐवज तोच असतो.

उपयोगी गोष्टीत चार बाबी असाव्यात. एक काम करणारा माणूस असावा. त्याचे काम कुठेतरी अडलेले असावे. पहिला उपाय लागू पडलेला नसावा. आणि शेवटी जे बदलले ते मोजता किंवा दाखवता यावे. यांतली तिसरी बाब नवशिके वगळतात, कारण अपयश सांगायची लाज वाटते. पण पहिला उपाय फसल्याशिवाय ऐकणाऱ्याला दुसऱ्याची किंमत कळत नाही, आणि सगळे पहिल्याच झटक्यात सुरळीत झाले असे सांगणाऱ्यावर खरेदी अधिकारी विश्वासही ठेवत नाही.

गोष्टीचा नायक शक्यतो समोरच्या व्यवसायातला असावा. हॉटेलवाल्यांसमोर हाउसकीपिंगची पर्यवेक्षिका, शाळेच्या संचालकांसमोर जूनच्या पहिल्या आठवड्यात पालकांना तोंड देणारा कारकून, डाळिंब निर्यातदारासमोर पॅकिंग शेडमधला प्रतवारी करणारा माणूस. तुमचे आजोबा कितीही कर्तबगार असले, तरी त्यांची गोष्ट घरच्या समारंभासाठी राखून ठेवलेली बरी.

येथे एक सोलापुरी सवय नोंदवणे भाग आहे. आपल्याकडे उद्योगावरचे भाषण वालचंद हिराचंदांच्या उल्लेखाशिवाय सहसा सुरू होत नाही. ते १८८२ साली सोलापुरात जन्मले, त्यांच्या सिंदिया जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, ही सारी अभिमानाचीच गोष्ट आहे. परकीय कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या धंद्यात लहान कंपनीने कसे शिरावे, हा तुमचा मुद्दा असेल, तर ती सांगावीही. पण टॉवेलांच्या वजनावर चाललेल्या बैठकीत ती निव्वळ शोभेची ठरते, आणि शोभेच्या गोष्टीने वेळ जातो.

तिसरी पायरी: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक

गोष्टीची बांधणी शिकवताना नाटकाचे अंक किंवा चित्रपटाची पटकथा यांचे दाखले दिले जातात. आपल्या कामाला त्याहून नेटका नमुना मराठीत तेराव्या शतकापासून आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत पंथातल्या केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, जन्मांध माणसे हत्तीला चाचपून आपापले मत बनवतात, तो प्रसिद्ध दृष्टांत त्यांतलाच. या ग्रंथातल्या प्रकरणाची रचना तीन भागांची आहे. आधी सूत्र, म्हणजे सांगायचा सिद्धांत. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि नंतर दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट मूळ सिद्धांताला कशी लागू पडते याचा उलगडा. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. आख्यानात श्रोते कितीही रंगले, तरी बुवा त्यांना तिथेच सोडून देत नाहीत.

व्यावसायिक सादरीकरणात हे तीन भाग असे बसवावेत. टॉवेलांचेच उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, रचना दाखवण्यापुरते.

सूत्र एका वाक्याचे असावे आणि त्यावर वाद घालता यावा: ‘हॉटेलचा टॉवेल आधी मधोमध नव्हे, काठाला मरतो.’ ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही’ हे सूत्र होऊ शकत नाही, कारण याच्या उलट कोणीच म्हणणार नाही.

दृष्टांत दोन ते तीन मिनिटांचा: ‘एका ८० खोल्यांच्या हॉटेलात लग्नसराईच्या शनिवारी दुपारी हाउसकीपिंगच्या ताईंनी कपाट उघडले, तर निम्म्या टॉवेलांच्या कडा उसवलेल्या. पाहुणे खाली स्वागतकक्षात बसलेले. ताईंनी आम्हाला फोन करून अधिक वजनाचे टॉवेल मागितले, आम्ही पाठवले. दोन महिन्यांनी तेही उसवले. मग आमचा माणूस त्यांच्या लॉन्ड्रीत जाऊन दिवसभर उभा राहिला. ड्रायरमधून निघणारा प्रत्येक टॉवेल त्याने पाहिला, तेव्हा दिसले की मधली वीण शाबूत आहे आणि सुटते आहे ती कडेची एकेरी शिलाई. आम्ही कापड तेच ठेवले आणि कडेला दुहेरी शिलाई घातली. पुढच्या लग्नसराईत त्या ताईंचा फोन आला नाही.’

या दृष्टांतात काय काय आहे, ते पाहा. दिवस आणि वेळ आहे, त्यामुळे प्रसंग डोळ्यांसमोर येतो. पहिला उपाय फसला आहे, आणि तो गिऱ्हाइकाने सुचवलेला, म्हणजे आजही समोरच्या अधिकाऱ्याच्या मनात असण्याचा संभव असलेला उपाय आहे. ‘अथक परिश्रम’, ‘अभिनव संशोधन’ असे शब्द कुठेही नाहीत. एक माणूस लॉन्ड्रीत उभा राहिला, एवढेच आहे. विशेषणे काढून टाकली आणि तरीही गोष्ट उभी राहिली, तर ती पक्की समजावी.

बहुतेक सादरीकरणे इथे संपतात आणि लगेच ‘धन्यवाद’ची स्लाइड येते. खरे तर आता दार्ष्टांतिक यायला हवे: ‘तुमच्या हॉटेलात कडेमुळे किती टॉवेल बाद होतात, हे आम्हाला माहीत नाही, आणि कदाचित तुमच्याकडेही तशी वेगळी नोंद नसेल. म्हणून आमची विनंती एवढीच आहे की एका मजल्यावर तीन महिने आमचे टॉवेल ठेवावेत, दोन्ही पुरवठादारांच्या टॉवेलांना वेगवेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण करावी, आणि बाद झालेले टॉवेल फेकण्यापूर्वी कारणासह मोजावेत. मोजणी तुमच्याच माणसाने करावी.’ गोष्टीतली लॉन्ड्री आता समोरच्याची लॉन्ड्री झाली, आणि पहिल्या पायरीत लिहिलेली मागणी कुठलाही सांधा न दिसता पुढे आली. सरावाला एकूण वेळ कमी मिळत असेल, तर तो दृष्टांतापेक्षा दार्ष्टांतिकावर खर्च करावा. दृष्टांत थोडा फसला तरी चालतो.

बँकेसमोरची गोष्ट वेगळी

कर्ज मागायला जाताना हीच पद्धत वापरावी, पण नायक बदलावा. बँकेच्या अधिकाऱ्याला तुमच्या संघर्षाची कथा नको असते. दिलेला पैसा कोणत्या वाटेने जातो आणि कधी परत येतो, हे त्याला हवे असते. म्हणून तिथे रुपयाचीच गोष्ट सांगावी. मागच्या वर्षातली एक खरी ऑर्डर घ्या. सूत कोणत्या तारखेला रोखीने घेतले, बीम (मागावर चढवायचा ताण्याच्या सुताचा रूळ) कधी भरला, माल कधी उतरला, शिलाई आणि पॅकिंगला किती दिवस गेले, बिल कधी फाडले आणि रक्कम खात्यावर कधी जमा झाली, हे तारखांनिशी सांगत गेलात की पैसा कुठे अडून बसतो ते अधिकाऱ्याला आपोआप दिसते.

बहुधा तो बिल आणि वसुली यांच्या मधल्या काळात अडलेला असतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. प्रत्यक्षात काय होते, ते बाजार जाणतो. तुमच्या गोष्टीत हा विलंब लपवू नका. उलट त्याच जागी थांबून दार्ष्टांतिक मांडा: वाढीव मर्यादा याच दिवसांसाठी हवी आहे, नव्या मागांसाठी नव्हे, आणि या ऑर्डरीत ती असती तर पुढच्या सुताची खरेदी अमुक तारखेला होऊ शकली असती. सोबत त्या ऑर्डरीचे खरेदी बिल, विक्री बिल आणि खात्याचा उतारा ठेवावा. गोष्ट कागदाने सिद्ध होते तेव्हा बँकेत तिला वजन येते.

आकडे कुठे ठेवायचे

गोष्ट आणि आकडे यांच्या नात्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग नेहमी सांगितला जातो. त्यात सहभागी झालेल्यांना पाच डॉलर देण्यात आले आणि त्यांतून मदतनिधीला दान करण्याची संधी ठेवली गेली. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकीकत वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आफ्रिकेतल्या उपासमारीची नुसती आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४ डॉलर दिले, आणि जिथे हकीकतीला आकडेवारी जोडली होती, तिथे दान १.४३ डॉलरवर उतरले. यावरून ‘आकडे देऊच नका’ असा निष्कर्ष काढणारे वक्ते आहेत. तो धंद्याला लागू करू नये, असे माझे मत आहे. दान देणारा स्वतःच्या खिशातून देतो आणि त्याला कोणाला जाब द्यायचा नसतो. खरेदी अधिकाऱ्याला मात्र तुमच्या पश्चात लेखा विभागासमोर आपला निर्णय आकड्यांनीच पटवून द्यावा लागतो.

घ्यायचा बोध क्रमाचा आहे. दृष्टांत चालू असताना आकडे घुसवू नयेत. ८० खोल्या, दोन महिने, एवढे प्रसंगातले आकडे पुरेत. दार्ष्टांतिक मांडताना एकच मोठा आकडा द्यावा, आणि तो समोरच्याच्या हिशेबातला असावा: प्रति टॉवेल दर सांगण्यापेक्षा प्रति धुलाई खर्च सांगावा. प्रति चौरस मीटर वजन, धाग्याचा काउंट (बारीकपणा), रंगाचा पक्केपणा, आकुंचन असा बाकी तपशील छापील तक्त्यात देऊन टाकावा. तो वाचून दाखवू नये.

स्लाइड

फार काही सांगण्यासारखे नाही. जितक्या कमी तितक्या बऱ्या. गाय कावासाकी या अमेरिकी उद्योजक-लेखकाचा १० स्लाइड, २० मिनिटे आणि ३० पॉइंटचा टाइप हा नियम गुंतवणूकदारांसमोरच्या मांडणीसाठी सांगितला जातो. नवशिक्याने तो जसाच्या तसा पाळला तरी बिघडत नाही. मात्र मुद्द्यांच्या उतरंडीबद्दल एक गंभीर उदाहरण लक्षात ठेवावे. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचे कोलंबिया अंतराळयान उडाले, तेव्हा फोमचा तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्या आघाताचे विश्लेषण नासाच्या व्यवस्थापकांसमोर स्लाइडवरून मांडले गेले, आणि ‘प्रत्यक्षातला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता’ ही कळीची बाब स्लाइडच्या तळाशी, उपमुद्द्यांच्या गर्दीत बारीक अक्षरात होती. १ फेब्रुवारीला यान कोसळले; कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. दुर्घटनेचे मूळ कारण फोमचा आघात होता, पण ती स्लाइड वाचून वरिष्ठाला जिवावरचा धोका जाणवणार नाही, असे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नमूद केले. जी एक गोष्ट सांगायची आहे, ती शीर्षकात पूर्ण वाक्य म्हणून लिहावी. ‘बाजार विश्लेषण’ असे शीर्षक कोणालाच काही सांगत नाही.

दृष्टांत सांगताना एकच छायाचित्र पडद्यावर असू द्या, उसवलेल्या काठाचे. त्याहून चांगले म्हणजे तो उसवलेला टॉवेलच पिशवीतून काढून टेबलावर ठेवणे. वस्तू हातात आली की माणसे ती उलटून पाहतात, शिवण ओढून पाहतात, आपसांत बोलू लागतात. पडद्याने हे होत नाही, आणि वीज गेली तरी तुमचे काम थांबत नाही.

खरेपणा आणि परवानगी

दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. ‘एक ८० खोल्यांचे हॉटेल’ एवढे पुरते. आज त्याचे नाव सांगणारा उद्या आपलेही सांगेल, हे समोरच्याच्या लगेच ध्यानात येते. कामगार स्त्रियांची छायाचित्रे त्यांना विचारून, आणि कशासाठी वापरणार ते सांगून घ्यावीत. दोन प्रसंग जोडून एक केला असेल, तर तसे सांगावे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तेव्हा गोष्टीच्या भरात ‘अस्सल सोलापुरी’ म्हणण्यापूर्वी आणि ते चिन्ह स्लाइडवर लावण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी आहे का, ते तपासावे. बाहेरचा माल सोलापूरच्या नावाने विकला जातो, अशी तक्रार करणाऱ्या शहराने तरी हे काटेकोर पाळावे.

सराव आणि भाषा

गोष्ट पाठ करू नका. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य मात्र पाठ असावे. मधला भाग मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा. जिथे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ हे शब्द वाढतात, तिथे तुम्हाला पुढचे आठवत नसते किंवा स्वतःलाच पटत नसते.

सोलापूरकराच्या हातात एक भांडवल आहे, ज्याची त्याला पुरेशी किंमत वाटत नाही. घरात तेलुगू, पेठेत कन्नड, बाजारात मराठी आणि दखनी, अशा चार भाषांत ये-जा करणारी माणसे इथे सहज भेटतात. बंगळुरूच्या खरेदी अधिकाऱ्याला दृष्टांत कन्नडमध्ये आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला तेलुगूमध्ये सांगता येत असेल, तर स्लाइड इंग्रजीत असूनही तसे सांगावे. अडखळत बोललेल्या इंग्रजीत गोष्ट मरते, आकडे जगतात. म्हणून भाषांची वाटणीही तशीच करावी.

सांगून झाल्यावर

मागणी मांडली की थांबा. शांतता असह्य होऊन स्वतःहून सूट जाहीर करणे हा नवशिक्यांचा अगदी हमखास घात आहे. समोरच्याला विचार करू द्या. त्याने ‘आमच्याकडे अडचण वेगळी आहे’ असे म्हटले, तर आपली गोष्ट फुकट गेली असे समजू नका; वही उघडा आणि ती अडचण त्याच्याच शब्दांत, कोणाला, कधी, काय झाले अशा तपशिलासह लिहून घ्या. पुढच्या बैठकीचा दृष्टांत तुम्हाला तिथेच मिळालेला असतो.

त्याच संध्याकाळी एका पानाचे पत्र पाठवावे. त्यात गोष्ट पुन्हा लिहू नये. वर एका ओळीत सूत्र, खाली विनंती, प्रयोगाचा कालावधी, मोजणीची पद्धत, दोन्ही बाजूंच्या जबाबदार व्यक्तींची नावे आणि सुरुवातीची तारीख, एवढेच असावे. हे पान अधिकारी आपल्या वरिष्ठाकडे पाठवणार आहे. काठाचा किस्सा तो तोंडीच सांगेल, पण तारीख त्याला कागदावरच लागेल, म्हणून तिची जागा कोरी सोडू नये.